काळी चार

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे कोकमाचे रातांबे फोडणं. गोवा राज्य झालं तो मे महिना. सोलं रसात घालून मीठ लावत होतो. तिने काहीतरी मागितलं, मला ऐकू आलं नाही, मी खेकसलो. तिने उठून आपणच मिठाची बरणी आणली. दुसऱ्या दिवशी तिला पेज गिळवेना, म्हणून इस्पितळात नेली.

दिवेलागणीला ती अभंग म्हणायची, मी पेटी धरायचो. तिची पट्टी काळी चार, लग्नापासून. आदल्या साली गणपतीची चवथ झाली तशी म्हणू लागली, जरा खाली घ्या. पांढरी पाच धरली. शिगम्याला काळी तीन, चैत्रात पांढरी तीन. दर वेळी मी चिडायचो. आळस, दुसरं काय? त्या दिवसांत गावात मराठी का कोंकणी यावरून भांडणं. मीही बोंबलत हिंडायचो. माझा गळा ठणठणीत.

एकदा म्हटलं, "वर घे गो. म्हशीसारखी काय रेकतेस?"

"ताणते हो मी," ती म्हणाली. "आतनं ताणच बसत नाही."

इस्पितळात डॉक्टराने कागदावर गळा काढून दाखवला. आत दोन पडदे. सूर वर न्यायचा तर एक बारीक स्नायू त्यांना ताणतो, ते पातळ होऊन भरभर थरथरतात. सैल पडले की सूर उतरला. त्या स्नायूला चालवणारी शीर गळ्यात वाढलेल्या गाठीखाली चेपली होती. आवाज कधीपासून उतरला, त्याने विचारलं. मी एकेक पट्टी सांगितली, सणावारासकट.

त्याने कागद बाजूला सारला. "एवढं ठाऊक होतं, तर आणली का नाही?"



पाऊस लागायच्या आत ती गेली. तिची धाकटी बहीण नार्व्याहून आली होती. रडताना तिचा आवाज घोगरा, खालीच राहिलेला. भावजी, माझाही गळा हल्ली चढत नाही, म्हणाली, सर्दी असेल. आणि संध्याकाळी घरी गेली.

सुतकात बाहेर पडू नये म्हणतात. मी सकाळी उठलो आणि आमच्या आमोण्याहून चालत नार्वे गाठलं. ती अंगण झाडत होती. मला बघून घाबरलीच.

"लुगडं बदल," मी म्हटलं. "इस्पितळात जायचंय."

ती नको म्हणाली. लोक काय म्हणतील, म्हणाली. मी तिच्या दारात बसून राहिलो, ती तयार होईपर्यंत.