अर्धी गोळी

त्याला घरात शेपूट म्हणत. हे नाव थोरल्याने ठेवलं. आईचं दुसरं लग्न झालं तेव्हा हा नऊ वर्षांचा होता आणि आईचा हात न सोडता तिच्या मागोमाग त्या मोठ्या घरात शिरला. थोरला तेव्हा कॉलेजात होता, त्याची स्वतःची आई जाऊन फार काळ लोटला नव्हता. जिन्यात उभा राहून तो म्हणाला, "नवी आई आली, आणि हे बघा, शेपूटही आलंय." बोलणं बोचरं होतं, पण खोटं म्हणता येत नव्हतं. नाव रुळलं. पुढे आईला आणि थोरल्याच्या वडिलांना मुलगी झाली, तीही बोलायला लागल्यावर त्याला शेपूटच म्हणू लागली, अर्थात लाडाने. मोठा झाल्यावर त्याने मनाला लावून घेणं सोडून दिलं. शेपटाचा एक फायदा असतो. वाटणीच्या वेळी त्याला कुणी बोलावत नाही, म्हणून त्याच्याशी कुणाचं वैरही नसतं.

सावत्र वडिलांना तो काका म्हणायचा. काकांचा पाण्याच्या पंपांचा कारखाना होता. एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या लेथवर सुरू झालेला हा कारखाना आता इतका पसरला होता की एका टोकाच्या कामगाराला दुसऱ्या टोकाच्या कामगाराचं तोंड माहीत नसायचं. पण काकांची जुनी सवय सुटली नव्हती. चालू पंपावर तळवा ठेवायचा, मान जराशी तिरकी करायची आणि मागचं बेअरिंग ओरडतंय म्हणून सांगायचं. बंगल्यापेक्षा, गाड्यांपेक्षा त्यांना त्या तळव्याचा अभिमान होता.

घरात एकटे काकाच त्याला शेपूट म्हणत नसत. ते इंजिनियर म्हणत, अगदी पहिल्या आठवड्यापासून. कारण त्या आठवड्यात ह्याने त्यांच्या टेबलावरचं घड्याळ उघडून ठेवलं होतं आणि परत जोडता न आल्यामुळे पलंगाखाली लपून बसला होता. काका गुडघ्यांवर बसले, पलंगाखाली वाकले आणि म्हणाले, "उघडता आलं ना? मग अर्धं काम झालं. बाहेर ये, इंजिनियर." पुढे त्यांनी त्याला खरोखरच शिकवलं, आणि तो कारखान्याच्या चाचणी विभागात लागला. तयार पंप बाकावर चढवायचा, पाणी भरून सुरू करायचा, दाब बघायचा, झडप थोडी थोडी बंद करत पंप कुठे कुरकुरतो ते टिपायचं. हे काम त्याला मनापासून आवडायचं. यंत्र खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा. तरुण होता, असं म्हणायचं वय होतं.

काकांच्या आजाराला घरात आजार म्हणायची पद्धत नव्हती. "चढलेत" किंवा "बसलेत" एवढंच म्हणत. चढले की त्यांना झोप लागायची नाही, भूक लागायची नाही, आणि जगातलं काहीच महाग वाटायचं नाही. एकदा बंद पडलेलं एक सिनेमागृह त्यांनी खुर्च्या आवडल्या म्हणून विकत घेतलं होतं. बसले की न्हाणीघरात स्टूल टाकून नळाच्या धारेकडे बघत राहायचे, जेवायला बोलावलं तर रडायचे. पण धंदा चालत होता तोवर कुणाची तक्रार नव्हती. गरिबाने केलं तर वेड, श्रीमंताने केलं तर लहर, एवढाच काय तो फरक.

मग एका सकाळी ते कारखान्याच्या फाटकात उभे राहिले आणि ज्याला जे यंत्र चालवता येतं ते त्याने घरी घेऊन जावं, असं त्यांनी कामगारांना सांगितलं. दोघांतिघांनी खरंच टेम्पो आणले. त्या दिवशी त्यांना इस्पितळात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, आणि नावाबरोबर आजाराला भावही आला.

थोरला कोर्टात गेला. वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही, सगळा कारभार माझ्या हाती द्या, म्हणाला. आई त्याच्या विरुद्ध उभी राहिली. गोळ्या घेतल्या की ते चांगले असतात, आणि अर्धा कारखाना धाकटीचा, हे त्यांनी कितीदा तरी बोलून दाखवलंय, हे तिचं म्हणणं. मग जुनी उणीदुणी निघाली. थोरल्याच्या नावावर जमीन केली तेव्हा काका शहाणे होते आणि धाकटीसाठी घर घेतलं तेव्हा वेडे, असं थोरल्याचं मत. आईचं बरोबर उलट. दोघांचे वकील काकांचं सारं आयुष्य समोर मांडून बसले आणि त्यातले आपापले शहाणे दिवस वेचू लागले.

सुनावणीला वेळ होता. तोवर काका घरीच राहणार होते, आणि त्यांना गोळ्या कुणी द्यायच्या यावर पुन्हा वाजलं. आई कमी देईल, म्हणजे ते चढतील आणि सह्या करत सुटतील, ही थोरल्याला भीती. थोरला जास्त देईल, म्हणजे ते दगडासारखे बसतील आणि डॉक्टरांपुढे वेडे ठरतील, ही आईला भीती. शेवटी दोन्ही बाजूंना एकच नाव सुचलं. ज्याच्या ताटात काहीच पडायचं नव्हतं, त्याच्याच हाती वाढायचा डाव दिला गेला.

शेपूट काकांच्या शेजारच्या खोलीत राहायला आला. त्याने औषध समजून घेतलं, जसं एखादं नवं यंत्र समजून घ्यावं तसं. औषध मिठासारखाच एक साधा क्षार होता. रक्तात त्याचं प्रमाण कमी पडलं की माणूस चढतो, आणि थोडं जास्त झालं की तेच औषध विष होतं. मधली पट्टी अरुंद होती. अरुंद पट्टीत काम करायची त्याला सवय होती.

एके दिवशी आई खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली की थोडे दिवस जरा हात आखडता घे, त्यांना हुशारी येऊ दे, आली की ते आपणहून धाकटीचं करतील. त्याने नाही म्हटलं. ती रागावली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. ते जास्त लागलं. पुढे थोरल्याने त्याला गाडीत बसवून चहा पाजला. तपासणीच्या दिवशी बाबा जरा सुस्त दिसले तर कुणाचं काही बिघडत नाही, असं त्याचं म्हणणं. "तुला कारखान्यात कायमचा ठेवीन. तुझ्यासारखा माणूस मलाही हवाच आहे." त्यालाही ह्याने नाहीच म्हटलं. आपण कुणाच्याच बाजूचे नाही, याचं त्याला त्या दिवसांत बरं वाटायचं. थोडा ताठाही आला होता.

काका मात्र बरे नव्हते. म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबाने बरे होते. वेळेवर झोपत, विचारलं तेवढं बोलत. पण हाताला कंप सुटला होता. कप बशीवर वाजायचा, म्हणून ते पेल्यातून चहा पिऊ लागले, तोही अर्धाच भरलेला. तोंडात सतत नाणं धरल्यासारखी चव येते, म्हणायचे. तो त्यांना रोज सकाळी चाचणी बाकापाशी न्यायचा. कामगार उठून उभे राहायचे. काका चालू पंपावर तळवा ठेवायचे, मान तिरकी करायचे आणि तसेच उभे राहायचे. पंपाची थरथर कुठली आणि हाताची कुठली, हेच त्यांना कळत नव्हतं. एकदा त्यांनी हात काढून घेतला आणि खिशात घातला. परत येताना गाडीत ते म्हणाले, "ह्यांना माझा कारखाना पाहिजे, माझी सही पाहिजे. मला फक्त माझा हात पाहिजे. थोडे दिवस दे, इंजिनियर. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

 तो दिवसभर त्याच विचारात होता, आणि इथेच तो चुकला. आईला नाही म्हणणं सोपं होतं, थोरल्याला त्याहून सोपं. हा माणूस एकदा त्याच्यासाठी पलंगाखाली वाकला होता. आणि त्याला वाटलं की आपल्याला जमेल. झडप एकदम उघडायची नाही, थोडीशीच. पंप कुरकुरायला लागला की लगेच मागे फिरवायची. आयुष्यभर तेच तर करत आलो. दुसऱ्या दिवसापासून त्याने गोळी मधोमध तोडली. अर्धी काकांना दिली, अर्धी वॉश बेसिनमध्ये सोडून दिली. "आपल्या दोघांतच," काका म्हणाले.

नंतरचे दिवस सोन्यासारखे गेले, हे कबूल करायलाच हवं. कंप कमी कमी होत थांबला. काकांना चव आली, ते दोनदा वाढून घेऊ लागले. एक दिवस बाकावरच्या पंपावर त्यांनी हात ठेवला आणि सरळ सांगितलं, "ह्याचा पंखा एका बाजूला जड आहे." खोलून बघितलं तर ओतकामात एका पात्याला गाठ राहून गेली होती. काका एवढे हसले की डोळ्यांत पाणी आलं. थोरल्याची नक्कल करून दाखवली, आईच्या वकिलाला "बगळा" असं नाव ठेवलं. असा माणूस घरात असताना कोण कशाला पुरी गोळी देईल?

पण पंप बिघडण्याआधी आवाज करतो. माणूस बिघडण्याआधी आनंदी दिसतो. हे त्याला उशिरा कळलं. एका दुपारी तो वर आला तर खोली रिकामी. काका ड्रायव्हरला घेऊन बाहेर पडले होते. संध्याकाळी ते परतले ते नवीन बूट घालून, दोन्ही पायांत वेगवेगळ्या रंगाचे, आणि हातात एक लखोटा. कुठल्याशा वकिलाकडे जाऊन त्यांनी सगळा कारखाना इंजिनियरच्या नावे बक्षीस करून टाकला होता. दारात उभ्याउभ्याच त्यांनी ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.  थोरल्याला कुणीतरी फोन केला.

काकांना पुन्हा इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. पलंगाभोवती सगळे जमले होते, आणि डॉक्टर विचारात पडल्यासारखे बोलले. पूर्ण गोळ्या घेऊनही रक्तात औषध टिकत नाही, म्हणजे ह्यांचं शरीर ते फार लवकर बाहेर टाकतंय, तेव्हा प्रमाण दीडपट करू.

शेपटाने एका क्षणात सगळं पाहिलं. गप्प बसलो तर वाचतो. गोळ्या पुऱ्या दिल्या, काका शुद्धीत होते, असं म्हटलं तर कदाचित तो लखोटाही टिकेल, आणि काका आपल्याजवळ राहतील. पण दीडपट म्हणजे अर्धीच्या तिप्पट, आणि ती मधली पट्टी अरुंद होती.

"पूर्ण देत नव्हतो," तो म्हणाला. "अर्धी देत होतो. मीच."

 थोरला हसला, अगदी मनापासून, जणू एखादं अवघड कोडं सुटलं. "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ," तो म्हणाला. "आणि आम्ही ह्याला शेपूट समजत होतो. हे तर तोंड निघालं."

आई त्याच्या जवळ आली. "मी मागितलं तेव्हा नाही म्हणालास," तिने एवढंच विचारलं, "आणि स्वतःसाठी केलंस?"

काकांनी मागितलं होतं, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण रोगी स्वतःच औषध चुकवायला लावतो, हे एकदा कळलं की त्याला कुलपात ठेवायला थोरल्याच्या वकिलाला एक दिवसही लागला नसता. त्याने काकांकडे बघितलं. काका जागे होते, सगळं ऐकत होते. ते एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "आपल्या दोघांतलं होतं ना ते, इंजिनियर?" ते फक्त त्याला ऐकू आलं. डॉक्टर तोवर प्रमाण दुरुस्त करत होते.

त्यानंतर घरात पहिल्यांदा एकमत झालं. ज्या भांडणाचा निकाल वर्षानुवर्षं लागला नसता, ते दोन्ही वकिलांनी चहा पिता पिता मिटवलं, कारण समोर आता एक चोर होता. बक्षीसपत्र रद्द झालं, त्यालाही ह्याने हरकत घेतली नाही. कारभार थोरल्याकडे गेला, धाकटीचा वाटा ठरला, आईला बंगल्याचा वरचा मजला मिळाला. चाचणी बाकावर दुसरा माणूस आला. धाकटी एकदा रस्त्यात भेटली, त्याला काय हाक मारावी ते तिला सुचलं नाही, आणि ती मैत्रिणीशी बोलत पुढे गेली.

आता तो शहराच्या दुसऱ्या टोकाला मोटारी आणि पंप दुरुस्तीच्या एका दुकानात काम करतो. आपली बाजू त्याने कुणाला सांगितली नाही. सांगून उपयोगही नव्हता. खरं आणि खोटं दोन्ही इथे सारखंच दिसत होतं.

थोरल्याने काकांसाठी पगारी माणूस ठेवला, पण काका त्याच्या हातून गोळी घेईनात. जबडा घट्ट मिटून घ्यायचे. आईने समजावलं, डॉक्टर ओरडले, काहीही चालेना. शेवटी थोरल्याने दुरुस्तीच्या दुकानात निरोप पाठवला. रोज सकाळी यायचं, पगारी माणसासमोर गोळी द्यायची, बोलायचं नाही, बसायचं नाही.

तो जातो. एकही दिवस चुकवत नाही. मागच्या दाराने त्याला आत घेतात. काका पलंगावर बसलेले असतात, त्यांच्या हाताला पुन्हा कंप सुटलेला असतो. तो अख्खी गोळी त्यांच्या जिभेवर ठेवतो, पेला ओठांना लावतो. काका गिळतात. मग पगारी माणूस वाकतो आणि काका त्याला दाखवायला तोंड उघडतात, जीभ वर उचलतात, आज्ञाधारक मुलासारखे. इंजिनियर म्हणून हाक मारत नाहीत, त्याच्याकडे बघतही नाहीत. तो पेला खाली ठेवतो आणि कामावर जातो.