उंबऱ्यावरचा गोलरक्षक

भारताच्या पोरांनी गोल खाल्ला की बाबलकाका कपाळाला हात लावत नसत. ते आधी चष्मा पुसत, मग मांडीवरची वही उघडत आणि खोलीत दाटीवाटीने बसलेल्या आम्हा सगळ्यांना विचारत, "हां, बोला. चूक कोणाची?" टीव्हीवर समोरच्या संघाचे खेळाडू अजून एकमेकांच्या अंगावर उड्या मारत असत. आमच्यातलं कोणीतरी हळूच म्हणे, "काका, नशीबच खराब." मग काकांचं पेन खाली. "नशीब नावाचो खेळगडी यादयेत नाय. अकरा नावां आसत, तेतला एक सांग."

बाबल सारंग आमच्या गावचे रापणकर. समुद्रात जाळं अर्धगोल टाकून किनाऱ्यावरून दोन बाजूंनी दोऱ्या ओढायच्या, ती रापण. पोरवयात ते मावशीकडे गोव्याला राहिले, तिथे एका क्लबाच्या गोलात उभे राहिले आणि तिथून थेट देशाच्या युवा संघात गेले. परदेशातल्या एका स्पर्धेत एक सामना खेळले. संघ हरला. काका गावी परत आले आणि त्यांनी रापणीची दोरी धरली. गावाला एवढंच ठाऊक होतं आणि गावाला यापेक्षा जास्त जाणून घ्यायचंही नव्हतं. आमच्याकडे क्रिकेटच्या टेनिसबॉल स्पर्धेला मांडव पडतो. फुटबॉल म्हणजे काकांचं वेड.

त्या वेडाची वही जाड पुठ्ठ्याची होती. देशाचा युवा संघ बाहेर कुठे कुठे खेळला, कोणाशी, किती गोल झाले, हे सगळं काकांनी रेडिओ ऐकून, जुनी वर्तमानपत्रं जमवून आणि पुढे मोबाइलवर बघून त्यात उतरवलं होतं. शेवटचा रकाना 'चूक'. खाडाखोड नाही, हा नियम. अभिमानाचं पान एकच होतं. आपली पोरं एकदा आशियाई युवा स्पर्धेत इराणबरोबर संयुक्त विजेती ठरली होती. "इराणवांगडा दोन-दोन. कप दोघांचो," काका सांगत आणि हाताची दोन बोटं वर करत. त्यानंतरची पानं उलटत जावीत तसतसा तो रकाना भरत गेला होता. मी विचारलं होतं, "एवढा मोठा देश, आणि ही अवस्था? तुम्हाला संताप येत नाही?" ते म्हणाले, "येता. पण संताप खंय लिवचो? तेका रकानो नाय."

सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्याच देशात झाला तेव्हा मी शाळेत होते. आपण तिन्ही सामने हरलो. गोल केला एकच, कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोकं लावून. बरोबरी झाली! खोलीत आम्ही नाचलो, काकी स्वयंपाकघरातून कालथा घेऊन बाहेर आल्या. पुढच्याच मिनिटाला समोरच्यांनी दुसरा गोल मारला. आम्ही काकांकडे बघितलं. त्यांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं आणि मग लिहिलं, 'चूक – लिहीत नाही. पोरं अजून हसत होती.' चूक कोणाची ते लिहायचंच, हा आपला नियम त्यांनी मोडलेला मी बघितला तो तेवढाच.

मी वाढले पत्रकांच्या घडीत. माझे वडील कामगार संघटनेतले. सुट्टीच्या दिवशी आमच्या ओटीवर पत्रकांच्या थप्प्या असत आणि मी त्यांना घड्या घाली. बाबा शिकवत, पहिल्या ओळीत अन्याय झालेला माणूस हवा. माणूस नसेल तर पत्रक म्हणजे रद्दी. हे वाक्य मी फार लवकर शिकले. त्याच्या पुढचं, की त्या माणसाला आधी विचारावं लागतं, ते बाबांनी सांगितलं होतं की नाही, मला आठवत नाही. बहुतेक सांगितलं असावं.

किनाऱ्यालगत सुरूच्या बनामागे गावाचं मोकळं मैदान होतं. संध्याकाळी काका तिथे पोरापोरींना शिकवत. गोलाचे खांब म्हणजे मोडक्या होडीच्या दोन डोलकाठ्या. गोलरक्षकांसाठी त्यांचं वाक्य ठरलेलं, "गोलीन एकतर भायर येवचा, नायतर घरात रवाचा. उंबऱ्यार थांबलो तो मेलो." मी काही दिवस गोलात उभी राहिले आणि दर वेळी उंबऱ्यावरच थांबले. "बाये, तू कागदावरच खेळ," काका म्हणाले.

मग पंचायतीने ते मैदान पर्यटकांच्या गाड्यांसाठी द्यायचं ठरवलं. ग्रामसभा लागली. आता कागदावर खेळायची माझी वेळ आली होती. कट्टा या शेजारच्या गावच्या बाजारात, एका दुकानाच्या फळीवर बसलेले म्हातारे बोलताना मी ऐकलं होतं, "बाबलान खाल्लेलो तो गोल ऑफसाइडच होतो म्हणतत." मला तेवढं पुरलं. कट्ट्यालाच मी पत्रक छापून घेतलं. मथळा होता, 'देशाने ज्याच्यावर अन्याय केला, त्याच्यावर गावही करणार?' रापणकराचा पोर म्हणून पंचाचा झेंडा वर गेला नाही, एका खोट्या गोलाने त्याचं आयुष्य गिळलं, असं मी लिहिलं. खूप छान लिहिलं. वाचून मलाच रडू आलं. काकांना मी ते दाखवलं नाही. सभेत त्यांना आनंदाचा धक्का देणार होते.

सभा शाळेत भरली. पत्रकं हातोहात फिरली. बायका काकांकडे वळून बघत होत्या, कधी नव्हे ती माणसं हळहळत होती. सरपंचांचा चेहरा उतरलेला मी बघितला आणि मला वाटलं, जिंकलो. काका शेवटच्या बाकावर चष्मा नाकाशी धरून पत्रक वाचत होते. दोनदा वाचलं. मग उठले.

"ह्या मैदान पोरांचा आसा, ता पोरांकाच रवाक व्हया," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांनी हात वर केला. "पण ह्या कागदात लिवला ता खरा नाय. तो गोल बरोबर होतो. उजवीकडसून चेंडू इलो, मिया भायर इलंय आणि अर्ध्यार थांबलंय. चूक माजी. पंचान काय करूक नाय."

सरपंचांनी पत्रक उचललं, घडी घातली आणि हसले. "आयकलात? तेंचोच माणूस सांगता, कागद खोटो. मगे बाकीचा तरी खरा कशावरना?" मागून कोणीतरी ओरडलं, "ऑफसाइड गो, ऑफसाइड!" सगळी शाळा हसली. हात वर झाले. मैदान गेलं.

बाहेर पिंपळाखाली मी काकांना गाठलं. "एक दिवस, काका! एकच दिवस गप्प बसला असतात तर?"

"गप बसान मैदान मेळला असता," ते म्हणाले. "मगे तेच्यार उभो रवान पोरांका काय शिकयतलो होतंय मिया?"

"तुमचं खरेपण तुमच्यापाशी ठेवा. पोरं आता खेळणार कुठे?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी निघून गेले, आणि पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. मला वाटत होतं की तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व त्यांच्या बाजूला होतं, माझ्याकडे नुसता अपमान होता. पण हे कळायला मला जितका वेळ लागला तितका वेळ त्यांच्याकडे नव्हता.

मधे एकदा काकी बाजारात भेटल्या. "यंदा मॅचीक कोण येणा नाय गो. एकटेच बघतत. तरी इचारतत, चूक कोणाची म्हणान. मिया काय सांगतलंय?" त्या संध्याकाळी मी काकांकडे गेले. अंगणातून टीव्हीचा आवाज येत होता, दारातून त्यांची पाठ दिसत होती. मी पायरीपर्यंत गेले, चप्पल अर्धी काढली, आणि परत फिरले. पुढच्या खेपेला नक्की, असं ठरवून. पुढच्या खेपेला त्या अंगणात मांडलेल्या खुर्च्यांवर माणसं मान खाली घालून बसली होती.

तेराव्यानंतर काकींनी मला बोलावून वही हातात दिली. "तुकाच दी म्हणान सांगलेल्यानी."

ती वही शंभरदा माझ्या मांडीवर आली होती. पण मी नेहमी चालू पान उघडी. मागे जाऊन त्यांचा स्वतःचा सामना मी कधी शोधला नव्हता. आता शोधला. सापडायला एक मिनिटही लागलं नाही. शेवटच्या रकान्यात कोवळ्या, पोरवयाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'चूक – बाबल सारंग. अर्ध्यावर थांबला.' पत्रक छापायच्या आधी हे एक पान उलटायचं होतं. तेवढंच काम होतं.

मग मी शेवटचं पान बघितलं. तिथे संघ नव्हता, स्पर्धा नव्हती. 'ग्रामसभा. मैदान गेले. चूक – माझी. पोरीने विचारले नाही, पण तिला इतकी वर्षे शेजारी बसवले, ते पान कधी उघडून दाखवले नाही. लाज वाटली.'

दुसऱ्यांच्या पोरांची चूक लिहिताना ज्याचा हात अडला, त्या माणसाने स्वतःला दोनदा लिहिलं होतं, आणि दुसऱ्यांदा तर माझ्या वाटणीचं.

आमच्याकडे रापण ओढताना खडकाला लागून जाळं फाटलं, तर ज्या बाजूने फाटलं त्या बाजूचा माणूस स्वतःच ओरडून सांगतो, "आमच्या बाजून फाटली, रे!" सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल असं. मग कोणी त्याला शिव्या देत नाही. तो शिवायला बसतो आणि दुसऱ्या बाजूचा एक जण न बोलता समोर येऊन बसतो, जाळं ताणून धरायला. ताणून धरल्याशिवाय जाळ्याचं कुठलं घर फाटलंय ते नीट दिसत नाही.

काकांच्या वहीत खाडाखोड करायची नाही, म्हणून त्यांची ओळ मी तशीच ठेवली. तिच्याखाली लिहिलं, 'चूक – माझी. विचारलं नाही. नंतर पायरीवरून परत फिरले.' आणि किनाऱ्याला ऐकू जावं म्हणून इथेही लिहिते आहे: माझ्या बाजूने फाटली.

वही घेऊन मी सुरूच्या बनामागे जाऊन आले. डोलकाठ्या उपटून कुंपणाला टेकवल्या आहेत, गाड्या रांगेने उभ्या आहेत. सुई-दोरा घेऊन बसायची आता माझी तयारी आहे. समोर बसून ताणून धरणारा माणूस नाही.