चंद्री अडली आणि अकरा टक्के उरले

मी सतरा वर्षं सैन्यात सिग्नलवर काढली, आणि आमच्या घरात सगळ्यांत आधी बंद पडणारा फोन माझाच असतो.

गावात मला मेजर म्हणतात. खरं तर मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. (पण आमच्या वडूजच्या बाजूला सैन्यातून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. लंगरात भाकऱ्या भाजणारासुद्धा!) बर्फात, वाळवंटात, कुठंही निरोप पोचवणं हे माझं काम. त्यामुळे साताऱ्याला जाऊन नवा स्मार्टफोन घेतला, तेव्हा मी दुकानदाराला कॅमेऱ्याचं काही विचारलं नाही, फक्त बॅटरीचं विचारलं.

तो म्हणाला, “साहेब, दोन दिवस चार्जिंगकडं बघायचं नाही.”

बोलला ते खरं निघालं. पहिल्याच दिवशी दुपारनंतर चार्जिंगकडे बघवेना! सकाळी सातला शंभर टक्के, दहाला साठ, आणि जेवण करून ताटावरून उठेपर्यंत फोन गार. माझी बायको शोभा म्हणाली, “तुमच्यासारखाच हाय. जेवला की झोपला.”

तिच्याकडे जुना बटनांचा फोन. रंग उडालेला, मागचं झाकण रबराने बांधलेलं. तो ती रविवारी चार्जिंगला लावते आणि पुढच्या रविवारपर्यंत विसरते. मी त्याला डबडं म्हणायचो. तिच्यासमोर एकदाच म्हणालो होतो, नंतर मनात.

मी परत साताऱ्याला गेलो. दुकानदाराने फोन हातात घेऊन पाहिला आणि दोष माझ्यावर ढकलला. “साहेब, तुम्ही सगळं चालू ठेवता. उजेड कमी करा, लोकेशन बंद करा, आवाज बंद करा.” मी शिस्तीचा माणूस. घरी येऊन जे जे बंद होण्यासारखं होतं ते सगळं बंद केलं. उजेड तर इतका कमी केला की दिवसा पडद्यावर काय आहे ते दिसायचं बंद झालं. मग नंबर लावायचा झाला की मी डोक्यावर घोंगडं घ्यायचो आणि आत फोन बघायचो. भर दुपारी ओसरीवर घोंगड्याखाली बसलेला माणूस बघून शेजारच्या बबनने शोभाला हळूच विचारलं, “वैनी, मेजरचं बरं हाय न्हवं?”

एवढं करून फोन काय टिकला? तर दुपारी एकऐवजी दीडपर्यंत!

अशा अवस्थेत आमची चंद्री व्यायला आली.

चंद्री म्हणजे आमची म्हैस. पहिलारू. शोभाने तिला एवढीशी असल्यापासून वाढवलेली, त्यामुळे घरात चंद्रीचा मान पहिला, माझा तिसरा. (दुसरा कुणाचा ते मला अजून कळलेलं नाही.) त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला शोभा गोठ्यातून पळत आली.

“आवं, चंद्री अडली! येकच पाय भाईर आलाय. दुसरा न्हाईच!”

मी गोठ्यात गेलो. चंद्री जमिनीवर पडून डोळे फिरवत होती. मला बघून तिने एक लांब सुस्कारा टाकला. मदतीला कोण आलंय हे तिला कळलं असावं.

“पाटोळे डॉक्टरला लावा फोन,” शोभा म्हणाली.

आमचे जनावरांचे डॉक्टर पाटोळे नेमके त्या दिवशी मिरजेला होते. त्यांच्या सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. गाडीने यायचं तरी दोन-अडीच तास. आणि चंद्रीकडे बघता, तेवढा वेळ तिच्याजवळ नव्हता.

“व्हिडिओ लावतो,” मी म्हणालो. “डॉक्टर तिथं बसून सगळं बघतील.”

“नुस्तं बोला की!”

“नुसतं बोलून काय कळणार? दाखवायला पाहिजे!” मी खिशातून फोन काढला. छातीच फुगली माझी. नवा फोन घेतल्याचं आज सार्थक होणार होतं. बॅटरी चौतीस टक्के. गावातला डीपी पहाटेच जळालेला, त्यामुळे वीज नाही. पण चौतीस टक्के म्हणजे काही कमी नाही, असं मला वाटलं. माणसाला काय काय वाटतं!

डॉक्टरांनी लगेच फोन उचलला. मागे दवाखान्याचा लांबलचक व्हरांडा, बाकांवर बसलेले नातेवाईक.

“बोला मेजर!”

“चंद्री अडलीय डॉक्टर, हे बघा!”

“मेजर, मला तुम्ही दिसताय. म्हैस दाखवा.”

कॅमेरा कुठून उलटा करायचा ते बारीक बटन मला उजेडात दिसेना. मी घोंगडं डोक्यावर घेतलं. आता विचार करा, आधीच कळांनी बेजार झालेली म्हैस, आणि तिच्या मागून एक काळं, मोठं, बडबडणारं काहीतरी पुढे येतंय. चंद्री ताडकन उभी राहिली आणि गर्रकन फिरली!

“आता तोंड दिसतंय,” डॉक्टर म्हणाले. “अडचण दुसऱ्या बाजूला असती, मेजर.”

“घोंगडं काढा आदी!” शोभा ओरडली. “बिचारीनं तुमाला अस्वल समजलं!”

चंद्रीला परत वळवून, थोपटून आडवी करेपर्यंत बॅटरी एकोणीस. शोभाने बबनला हाक मारली. बबनच्या ट्रॅक्टरला फोन चार्ज करायची सोय होती, गाणी लावण्यासाठी त्याने मुद्दाम बसवून घेतलेली. बबन ट्रॅक्टर घेऊन गोठ्याच्या दारात आला. वायर निघाली हातभर. ट्रॅक्टर दारात, म्हैस आत पंधरा फुटांवर.

“आत घे,” मी म्हणालो.

“आत? आवं मेजर, दार बगा की!”

“तोंड तरी घाल!”

त्याने ट्रॅक्टरचं तोंड घातलं. दाराची चौकट करकरली. गोठ्यात धूर भरला. चंद्री पुन्हा उठली. शोभा म्हणाली, “बबन भावजी, तो यंत्रोबा भाईर न्या, न्हाईतर तुमाला दाव्याला बांधीन!” बबनने इंजिन बंद केलं, आणि मागे घ्यायला पुन्हा चालू करायला गेला, तर नुसतंच खर्र खर्र. ट्रॅक्टरचीसुद्धा बॅटरी उतरलेली! अर्धा आत, अर्धा बाहेर असा ट्रॅक्टर दारात बूच बसल्यासारखा अडकला. म्हणजे त्या घडीला आमच्या गोठ्यात दोघं अडले होते.

अकरा टक्के.

“मेजर, लवकर!” डॉक्टर. “पाठीमागून दाखवा. जवळून!”

मी मातीत गुडघे टेकले आणि फोन धरला. डॉक्टरांनी फोन नाकाशी धरून बघितलं. मग म्हणाले, “कळलं. नाक दिसतंय, एक पाय दिसतोय. दुसरा पाय आत दुमडलाय. घाबरू नका. आता नीट ऐका, मी सांगतो तसं—”

आणि फोन बंद.

अकरा टक्क्यांवरून थेट शून्य! मधले दहा टक्के कुठं गेले, देवाला माहीत. मी बटन दाबलं, फोन हलवला, छातीशी धरला. काळ्या पडद्यात फक्त माझंच तोंड दिसत होतं. सतरा वर्षं निरोप पोचवले, आणि घरच्या म्हशीचा निरोप तिच्या शेपटीपाशी येऊन विझला. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चंद्री कण्हत होती आणि शोभा तिच्या कपाळावर हात फिरवत होती.

“गेला?” शोभाने विचारलं.

“गेला.”

तिने कमरेला खोचलेला डबडा फोन काढला, अंगठ्याने दहा आकडे दाबले (पाठ!) आणि स्पीकर लावला.

“डॉक्टर, शोभा बोलतीया. फुडं सांगा.”

मी माझा फोन गुपचूप खिशात टाकला.

“वहिनी, ज्याचा हात बारीक असेल त्यानं साबण लावून हात आत घालायचा,” डॉक्टरांचा आवाज गोठ्यात खणखणला. शोभाने आपला हात बघितला. भाकरी थापून आणि ऊस खुरपून भक्कम झालेला. बबनचा पंजा तर फावड्यासारखा. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

मी घड्याळ काढलं.

“आता रेडकू आत ढकला. कळ थांबली की ढकला!”

“ढकलतोय डॉक्टर!”

“कोपरापर्यंत गेला का हात?”

“खांद्यापर्यंत गेलाय!”

“शाब्बास! आता खूर सापडतंय का? खूर मुठीत झाका, तिला आतून लागता कामा नये, आणि पाय हळूच पुढं घ्या!”

हे सगळं डॉक्टर मिरजेच्या दवाखान्यात, व्हरांड्यात उभं राहून ओरडत होते. त्यांनीच नंतर सांगितलं, की आजूबाजूचे नातेवाईक एकेक करून बाकांवरून उठले आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. एका बाईंनी तर सुनेला दुसऱ्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं!

इकडे माझा गाल चंद्रीच्या मांडीला टेकलेला, तिची शेपटी तोंडावर. बोटांना काहीतरी लागलं. टणक, ओलं, लहानसं. खूर! मी ते मुठीत धरलं आणि श्वास रोखून पुढे आणलं. एकदा निसटलं. दुसऱ्यांदा निसटलं. तिसऱ्यांदा आलं!

“आला! डॉक्टर, दुसरा पाय आला!”

“आता कळ आली की दोघांनी ओढा. खालच्या अंगाला! ओढा!”

मी आणि बबनने ओढलं. शोभा चंद्रीच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. एकदम सगळं सुटलं, मी मागच्या मागे शेणात बसलो, आणि मांडीवर ओलंगिच्च, काळंकुळकुळीत रेडकू! हलेना. शोभाने धावत येऊन त्याचं नाक पुसलं, पेंढ्याने अंग खसाखसा चोळलं. ते शिंकलं. सरळ माझ्या तोंडावर.

“झाली! डॉक्टर, रेडी झाली!” शोभा ओरडली, रडली आणि हसली, सगळं एकाच वेळी.

“रेडी झाली!” तिकडे डॉक्टरही ओरडले. व्हरांड्यात टाळ्या पडल्याचं आम्हाला फोनवर ऐकू आलं. कुणी तरी आजी विचारत होत्या, “बाळ-बाळंतीण बरी हायत न्हवं?”

“ठणठणीत!” डॉक्टर म्हणाले. “बाळंतीण वैरण मागतीय!”

दारातून ट्रॅक्टर हलत नव्हता, त्यामुळे रेडी बघायला अख्खी आळी ट्रॅक्टरवर चढून आत उतरली. येईल तो मला “मेजर, लय भारी!” म्हणून हात पुढे करायचा आणि माझा हात बघून मागे घ्यायचा. असा सत्कार माझा निवृत्तीलासुद्धा झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, वीज आल्यावर, मी फोन घेऊन साताऱ्याला गेलो. या खेपेला शोभा सोबत होती. दुकानदाराने पुन्हा “साहेब, उजेड कमी…” म्हणून सुरुवात केली. शोभा म्हणाली, “आवं दादा, तुमीच चार्ज करा आन् हितं ठेवा. आमी बसतो.” त्याने शंभर टक्के करून फोन काउंटरवर ठेवला, आणि आम्ही समोरच्या स्टुलांवर बसलो. कुणी हात लावला नाही. दोन तासांत पडल्या पडल्या फोन पंचेचाळीसवर आला. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं गोल करून बघत होती, मॅच बघावी तशी. दुकानदाराने तक्रारीचा कागद पुढे केला. कारण लिहायच्या जागी शोभाने मला लिहायला लावलं: ‘म्हैस विताना बंद पडला.’ त्याने ते वाचलं, आमच्याकडे बघितलं, आणि गुपचूप नवा सीलबंद फोन काढून दिला.

जिंकलो! एस.टी.त मी तो फोन मांडीवर दोन्ही हातांनी धरून आणला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला पाटोळे डॉक्टर मोटारसायकलवरून दारात उतरले. मिरजेहून सासऱ्यांना घेऊन परतले होते आणि रेडी बघायला आले होते. जरा वैतागलेले दिसले.

“मेजर, सकाळपासून अकरा वेळा फोन लावला तुम्हाला. सारखा बंद!”

मी घरात गेलो, कपाटातून फोन काढला, चालू केला आणि अभिमानाने त्यांच्यासमोर धरला.

“बघा डॉक्टर! संध्याकाळ झाली, अजून शंभर टक्के!”