हळदीच्या गाण्यात माझं नाव

मी गाव सोडलं त्या सकाळी आमच्या अंगणात दादाची हळद दळत होते. एजंटानं मस्कतचं तिकीट धाडलं ते नेमकं त्याच दिवसाचं. नव्वदीची सुरवात होती. घोडेगावच्या वर, भीमाशंकरच्या रस्त्याला असलेल्या आमच्या गावातून तोवर कुणी विमानात बसलं नव्हतं. त्यामुळे तारीख पुढं ढकलता येते का, हे विचारायचं कुणाला तेही ठाऊक नव्हतं. वडील म्हणाले, "इमान काय आपली येष्टी हाय व्हय, हात केला की थांबायला? नीघ तू."

आमच्याकडे लग्नाला दुकानातल्या पुडीची हळद चालत नाही. हळकुंडं कुटून जात्यावर दळतात आणि दळताना गाणं म्हणतात. आमच्या घरात ते आई म्हणायची. या गाण्याची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आधी घरच्यांची नावं येतात. ज्याचं नाव आलं त्यानं पुढं होऊन जात्याच्या खुंट्याला हात लावायचा, बाई असो की बाप्या. घरचे संपले की चाल तीच राहते, पण ओळ बदलते आणि पाव्हण्यांची नावं सुरू होतात. पाव्हण्यांनी जात्याला हात लावायचा नाही. त्यांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतात. आणि एकदा खुंटा धरला की गाणारणीनं हळद संपेपर्यंत उठायचं नाही.

म्हणून मी बॅग घेऊन उभा राहिलो तरी आई उठली नाही. नवरदेवाच्या आधी माझं नाव यायचं कारण नव्हतं, पण तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मधेच घेतलं:

घरचा लागतो हात, जात्याच्या खुंट्याला
दत्ता माझा लेक गं, हळद दळाया आला

मी वाकलो. खुंट्यावर तिचा हात होता, त्यावर माझा ठेवला. दोन फेरे तिच्याबरोबर जातं फिरवलं. तिला काही बोलायचं असणार, पण पुढचं नाव घ्यायचं होतं. मी मंचरला जाणारी एसटी धरली तेव्हा माझी बोटं पिवळी होती. विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबानं त्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. पासपोर्टाच्या कडेला एक पिवळं बोट उमटलं होतं. ते पुसायचं मला सुचलं नाही.

मस्कतमध्ये मी एसी दुरुस्तीला लागलो. कॅम्पातल्या खोलीत आम्ही आठ जण. सकाळी खुबूसची रोटी आणि चहा, दिवसभर कुणाच्या तरी गच्चीवर कॉम्प्रेसरशी झटापट, आणि अरबाब, म्हणजे मालक, खूश असला तर शुक्रवारी अर्धा दिवस झोप. आयटीआयमध्ये शिकवलेलं सगळं पन्नास डिग्रीत वितळून जातं, हे पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. खोलीत मल्याळी होते, पंजाबी होते, एक बंगाली होता. शुक्रवारी ज्याच्या त्याच्या टेपवर ज्याचा त्याचा मुलूख वाजायचा. माझ्याकडे टेप नव्हता. मी छाती फुगवून सांगायचो, "हमारा गाना बाजार में मिलता ही नहीं. वो घर में बनता है." आणि मनातल्या मनात ती ओळ म्हणायचो. आठ माणसांच्या घामात झोपलेला मी, पण त्या ओळीत मी घरचा होतो. खरं सांगतो, त्या काळात दुसरा आधार नव्हता.

वडील गेले तेव्हा मला सुटी मिळाली नाही. गावातल्या पीसीओवरून दादाचा फोन आला, मी "हां, हां" म्हणत राहिलो आणि मग लाइन तुटली. त्यानंतर वर्षभरानं सुटी मिळाली. कॅम्पातला माझा जोडीदार बबन आमच्याच बाजूच्या आळे गावचा. त्याच्या बहिणीचं लग्न त्याच सुमारास होतं, त्यामुळे घरी पोचल्यावर चार दिवसांत मी आळ्याला हळदीला गेलो.

मांडवाच्या चारी कोपऱ्यांना माणसाच्या उंचीचे स्पीकर होते. पोरं रुमाल दातात धरून नाचत होती. ढिंच्याक ढिंच्याक असा ताल, त्यावर कीबोर्डवर काढलेली खोटी सनई. मी बबनला म्हणालो, "हे काय रे लावलंय?" तो ओरडून म्हणाला, "हळदीची कॅशेट हाय, राव! लई चालतीया!" आणि त्या गोंगाटातून एक बाई गायला लागली. आवाज चिरका केलेला, मागं घुमत जाणारा, तरी ओळखीचा वाटला. मग शब्द आले:

दत्ता माझा लेक गं, हळद दळाया आला

माझ्या हातातला सरबताचा ग्लास खाली पडला. ती माझी आई होती. पुढच्या ओळीत दादाचं नाव आलं. त्याच्या पुढच्या ओळीत माझ्या वडिलांचं, आणि त्या नावावर एका पोरानं शिट्टी मारली. वर्षापूर्वी गेलेला माझा बाप परक्या मांडवात, ढिंच्याकच्या तालावर, जात्याला हात लावायला येत होता. मी मठ्ठासारखा उभा. मला राग आला, रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर पुढंही व्हावंसं वाटलं. काय झालं ते बबनला सांगायचं धैर्य झालं नाही. जेवण न करताच मी निघालो.

घरी आई लसूण सोलत बसली होती. मी दारातूनच सुरू केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आळ्याला बी वाजतीया व्हय?" तिच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

झालं होतं ते असं. नारायणगावच्या बाजूचा कुणी कॅसेटवाला गावोगाव जुनी गाणी गोळा करत फिरत होता. त्यानं आईला नेलं आणि काचेच्या खोलीत बसवलं. जातं नव्हतंच. नुसतं गा म्हणाला.

"पण आपल्या घरातली नावं कशाला घेतलीस? दुसरी घ्यायची कुठली तरी."

"दुसऱ्याची नावं घेऊन हळद कशी दळायची? त्यो बी म्हनला, म्हातारे, नावं गाळ. गाळली, तर पुढचं सुचंनाच. मंग म्या डोळं मिटलं आन आपलं आंगन धरलं. तुमी समदे व्हता."

"आणि ते मागचं ढिंच्याक?"

"ते त्येंनी नंतर घातलं. म्या कुटं ढोल वाजवला?"

मी चिडलोच. आपलं मूळ म्हणून काही असतं, हजार वर्षांची चाल तू बाजारात बसवलीस, असलं काय काय बोललो. परदेशात राहिलं की माणसाला असली भाषणं फार चांगली येतात. आई हसायला लागली. लसणाची सालं उडाली.

"हजार वर्सं कुटली? ही चाल म्या आनली. लगीन होऊन आले, त्या साली जत्रंला तमाशा आल्ता. त्येच्यातल्या गवळनीची चाल हाय ही. शेतात खुरपताना तोंडात बसली आन पुढल्या लगनात जात्यावर घेतली. तुजी आजी म्हैनाभर माज्याशी बोलली न्हाई. देवाच्या हळदीला तमाशा लावला म्हनायची."

हा दुसरा धक्का पहिल्याहून जड होता. ज्या चालीवर मी कॅम्पात छाती फुगवत होतो, ती तंबूतून आलेली निघाली.  आजीनं महिनाभर अबोला धरला होता. माझी सुटी तेवढी नव्हती, म्हणून मी चार दिवस धरला.

पुढं मी सुपरवायझर झालो. लग्न झालं, कंपनीनं फ्लॅट दिला, बायको सुनंदा आणि लेक मस्कतला आल्या. गावी जाणं दोन वर्षांनी, कधी तीन वर्षांनी. तिकडेही बदल होत गेले. पीसीओ गेला, मोबाइल आला. गिरणी आली आणि जातं गोठ्यात गेलं. मी मात्र एका गोष्टीवर अडून बसलो. धाकट्या भावाचं, संतोषचं लग्न ठरलं आणि फोनवर कळलं की हळदीला मंचरचा डीजे सांगितलाय, तेव्हा मी दादाला सांगितलं, "हळद जात्यावर दळायची. आई गाणार. डीजे त्यानंतर. नाहीतर मी येत नाही."

दादा म्हणाला, "आरं, तुजं नाव डीजेत बी वाजतंय की."

"मला खरं पाहिजे," मी म्हणालो.

खरं पाहिजे! किती रुबाबात म्हणालो होतो मी हे.

माझ्या शब्दाखातर त्यांनी सगळं केलं. जातं गोठ्यातून काढलं, धुतलं, वडाराकडून टाकी लावून खरखरीत करून घेतलं. आईचे गुडघे गेले होते, तरी ती पाट घेऊन खाली बसली. नव्या सुनांना ओळी येत नव्हत्या, त्या नुसत्या हुंकार धरत होत्या. डीजेवाला स्पीकरवर बसून वडापाव खात होता. कुठलीही वायर नाही, कुठलं मशीन नाही. जात्याची घरघर आणि आईचा आवाज, आता थोडा फाटलेला.  मी सुनंदाला म्हणालो, "ऐक. हे मूळ." आणि लेकीला पुढं उभं केलं, म्हणजे नाव आलं की तिला खुंट्याजवळ जाता येईल.

आईनं नवरदेवाचं नाव घेतलं. संतोषनं हात लावला. दादाचं घेतलं. वहिनीचं घेतलं. दादाच्या दोन्ही पोरांचं घेतलं. मी बाही वर सरकवली. मग आईनं दम घेतला आणि ओळ बदलली:

वाटेनं धुरळा कुणाचा, येतंया कोण गं
आळ्याची माझी नणंद, सणाला येतीया गं

मला वाटलं, चुकली. वय झालंय, विसरली. आत्या पुढं आली, तिनं गूळ घेतला. मग पारगावच्या मामाचं नाव आलं, त्यानं गूळ घेतला. आणि मग:

वाटेनं धुरळा कुणाचा, येतंया कोण गं
मस्कतचा माझा दत्ता, सणाला येतोया गं

माझा हात तसाच पुढं होता, खुंटा धरायला निघालेला. वहिनी आली आणि तिनं त्यावर गुळाचा खडा ठेवला. पाठोपाठ सुनंदाच्या हातावर. मग लेकीच्या. लेक उड्या मारत माझ्याकडे आली, "पप्पा, तुम्हालापण मिळाला!"

कुणालाच काही वाटलं नाही. कुणी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. सगळ्यांना ते ठाऊक होतं, मलाच नवं होतं. फोनवर ज्या सच्चेपणासाठी मी हट्ट धरला होता, तो माझ्या हातावर चिकट होऊन बसला होता. मी हबकलो, हा शब्द कमी पडतो. वडील गेल्याच्या फोनवर जसा मी "हां, हां" करत राहिलो होतो, तसाच मान हलवत उभा राहिलो.

हळद संपल्यावर मी आईला धरून उठवलं. चुलीजवळ कुणी नाही असं पाहून विचारलं, "आई, मी घरचा नाही का?"

ती जराशीही गोंधळली नाही. पदरानं कपाळाची हळद पुसली.

"जात्याजवळ खोटं गाता येत न्हाई, बाळा. ज्यो ह्या घरात ऱ्हातो त्योच हात लावनार. गेलास त्या सकाळी तू हितलाच व्हतास. आता तू परवा जानार."

"पण कॅसेटमध्ये तर मी घरच्यांत आहे."

"कॅशेट त्या सालची हाय," ती म्हणाली. "त्येच्यात तुजा बाप बी जित्ता हाय."

एवढं बोलून ती आत पुरणाकडे बघायला गेली. मला वाटतं, ती तिथं रडली असेल. मी गेलो नाही बघायला.

तुम्ही जे तिथेच राहिलात, तुम्हाला हे सांगून काय उपयोग, तुमची नावं जागेवर आहेत. जे माझ्यासारखे निघून गेलात, मस्कतला, दुबईला, नाहीतर नुसते पुण्याला, त्यांना विचारतो: तुमच्या घरात अजून कुणी गात असेल तर तुम्ही कुठल्या ओळीत येता, हे कधी ऐकलंत का? मी पूर्वी फार बडबड करायचो, गाणी बिघडली म्हणून, मूळ सुटलं म्हणून. आता त्या विषयावर बोलत नाही. गाडीत एक सीडी आहे, त्या कॅसेटवरून करून घेतलेली. मस्कतच्या रस्त्यावर ती लावतो. ढिंच्याक ढिंच्याक, खोटी सनई, चिरका आवाज. त्यात एक अंगण आहे. जातं आहे, वडील आहेत, आणि मी बॅग बाजूला ठेवून वाकलेला आहे. लेक मागच्या सीटवरून म्हणते, "पप्पा, आवाज वाढवा, तुमचं नाव येतंय."

आणि संतोषच्या हळदीच्या दिवशीचं शेवटचं राहिलंच. संध्याकाळी डीजेवाल्यानं तीच कॅसेट लावली. सगळं गाव नाचत होतं, मीही पोरांनी ओढलं म्हणून मांडवात होतो. माझं नाव आलं. तळहाताचा गुळाचा चिकटपणा अजून गेला नव्हता. सवयीनं मी वाकलो आणि खुंट्यासाठी हात खाली नेला. जातं तोवर गोठ्यात गेलं होतं.