भोंग्याच्या खांबावरच्या मॅडम

यास्मिन मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी पलूसच्या बाजारात आमच्या पूरग्रस्त समितीची पत्रकं वाटत होतो. पुराच्या गाळात फिरून लेप्टो झाला, म्हणजे उंदरांच्या लघवीतून जखमेवाटे शिरणारा ताप, असं डॉक्टर म्हणाले. मी याला नुसतं आजारपण म्हणणार नाही...

मॅडम मलकापूरच्या, पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. धरणातून पाणी सोडलं की रेडिओवरून संदेश जाऊन नदीकाठच्या गावांत भोंगे वाजावेत, ही यंत्रणा त्यांनी आखून दिली. पावसात संदेश बिघडला तर, असं आमच्या समितीच्या बैठकीत नदीकाठच्या एका वस्तीवरच्या आबांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आबा, रेंज नसली की फोनवर तुमी कसं सांगता? वरल्या आळीचा, दूधवाला, पवाराचा सुरेश. एखादा शब्द तुटला तरी सुरेशच कळतो न्हवं?"

"व्हय, नुसता सुऱ्या म्हणलं तर ढीगभर निघत्यात."

यंत्रातही तेच. संदेशाला ठरलेल्या हिशेबानं जादा आकडे जोडायचे. वाटेत काही बिघडले तरी उरलेल्यांवरून यंत्र मूळ संदेश जुळवतं. पण त्यानं संदेश लांबायचा, भोंगा जरा उशिरा वाजायचा. उद्घाटनाला आमदारसाहेबांनी बटण दाबताच वाजावा म्हणून ठेकेदारानं ती सोयच बंद केली. वाजला, टाळ्या पडल्या. सोय परत चालू कुणी केली नाही. उन्हात वाजवून पावसाची हमी कशी देता, म्हणून मॅडम कचेरीत भांडल्या. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

भर पावसात पाणी सुटलं. संदेश निघाला, वाटेत बिघडला, भोंग्यांच्या खांबांवरच्या यंत्रपेट्यांनी तो कचरा समजून टाकून दिला. पाणी उंबऱ्यात आलं तेव्हा लोकांना कळलं. आबा त्यातच गेले.

पाणी पुरतं ओसरायच्या आत मॅडम ती सोय चालू करत गाळातून गावोगाव निघाल्या. पायाला जखम होती. थांबा म्हणालो, तर म्हणाल्या, "पुढचं पानी माझी जखम भरायची वाट बघनार न्हाई रं." शेवटची पेटी आबांच्या वस्तीवरची. ती चालू करून घरी गेल्या त्या ताप घेऊनच.

गेल्या आठवड्यात पुन्हा पाणी सुटलं. सगळीकडे भोंगे वाजले, आबांच्या वस्तीवर नाही. धावत गेलो. खांबावर मॅडमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स! साहेबांचा फोटो मोठा, मॅडम कोपऱ्यात. आणि तो बांधलेला बरोबर पेटीला वीज देणाऱ्या सोलर पॅनेलवर. ऊन न मिळून बॅटरी कधीच मेलेली. चढलो, फाडला. खालून साहेबांचा कार्यकर्ता म्हणाला, "मेलेल्या बाईचा अपमान करतोस व्हय रं?"

मी खांबावरून खाली उडी मारली. पाणी नदीकाठच्या मळीच्या रानात चढत होतं. हाका मारत वस्तीत शिरलो. या खेपेला माणसं निघाली...

आता पॅनेल उघडं आहे. त्यावर धूळ बसते. मॅडमना श्रद्धांजली वाहायची असेल त्यानं ते पुसून जावं.