सोळाशे चाळीसचं घर

सकवारबाई येलहंक्याच्या. लग्न होऊन बेंगळुरात किल्ल्याजवळच्या त्या गल्लीत आल्या, तेव्हा सासरी त्यांनी तोंड उघडून विचारलेली पहिली गोष्ट म्हणजे, "मागं कुठं जायचं?" सासूबाईंनी, सोयराबाईंनी, हातात तांब्या दिला आणि परसाचं दार दाखवलं. दाराबाहेर बावीस पावलं, मग तीन पायऱ्या खाली सफाईवाल्यांचा बोळ, आणि त्या बोळात चार घरांत मिळून एक संडास. नव्या नवरीनं पावलं त्याच दिवशी मोजली. पुढं बोळ तोच राहिला आणि पावलंही तेवढीच राहिली.

घर म्हणजे दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि तळहाताएवढं परस. परसाची एक बाजू म्हणजे जुन्या किल्ल्याची उरलेली भिंत, मोठमोठ्या घडीव दगडांची. पोरं तिच्यावर चढायची, बायका तिच्यावर गोधड्या वाळवायच्या.

नवरा जयसिंगराव. दंडू भागात, म्हणजे छावणीत, लष्करी गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात ते कटिंग मास्तर होते. कापडाच्या बाबतीत बोटभरही इकडचं तिकडं न होऊ देणारा माणूस, पण घराण्याची गोष्ट निघाली की ठाणच्या ठाण उलगडायचा. शिवजयंतीला फेटा बांधून मंडळींपुढं उभे राहिले की सांगायचे, "आमचे मूळपुरुष शहाजीराजांबरोबर घोड्यावरून इथं आले. राजांनी किल्ल्याच्या भिंतीशी जागा दिली. तेच हे घर!" लोक माना डोलवायचे.

खरी हकिगत सोयराबाईंनी जाण्याआधी सुनेच्या कानात सांगितली होती. जयसिंगरावांचे आजोबा विठोजी घोड्यांबरोबर आले हे खरं, पण घोड्यावर बसून नव्हे. बेळगावाकडच्या एका गोऱ्या पलटणीत ते घोड्यांना खरारा करायचे. पलटण इथं आली, ते इथंच राहिले आणि प्लेगच्या पुढच्या वर्षी हे घर बांधलं. "जयसिंगाला सांगू नकोस हो," सोयराबाई म्हणाल्या होत्या, "त्याला ठाऊक आहे."

सकवारबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याचा फेटा आपण कशाला ओढायचा?

पण मग अहल्या मोठी झाली.

अहल्या ही एकुलती एक लेक. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि उतरताना डावा पाय घेऊन गेला. मांडीपासून वाळला. जयसिंगरावांचा तिच्यावर जीव. पाऊस असो, ऊन असो, दहा वर्षांची होईस्तोवर तिला खांद्यावरून शाळेत नेली. एसएसएलसीला ती पहिल्या वर्गात पास झाली, तेव्हा गल्लीभर पेढे वाटले. पण बावीस पावलं आणि तीन पायऱ्या हा बायकांचा विषय होता. तिथवर त्यांची नजर गेली नाही. अहल्या दिवसातून दोनदाच जायची, उजाडायच्या आत आणि दिवेलागणीला, आईच्या खांद्यावर हात ठेवून. मधल्या वेळात तहान लागली तर चूळ भरायची. दुपारी बारानंतर त्या पोरीनं पाणी प्यालेलं सकवारबाईंना आठवत नव्हतं. आजारपणात खोलीत भांडं ठेवून पाहिलं होतं. बरी झाल्यावर तिनं स्वतःच ते उचलून बाहेर ठेवलं. म्हणाली, "देवाच्या फळीखाली? मी आजारी नाही आई, लंगडी आहे."

एकोणीसशे सत्तावन्न साली गल्लीतून जमिनीखालचं गटार आलं. नगरपालिकेचा माणूस घरोघर सांगत फिरला, की आता प्रत्येकानं घरात संडास बांधून गटाराला जोड घ्यावी, दोन वर्षांत मागच्या बोळातले जुने संडास पाडणार. सकवारबाईंनी त्याच दिवशी परसात पेरूच्या झाडापलीकडं चार विटा मांडून चौकोन आखला. अहल्या दारात बसून हसली. "एवढंसं? आत वळता तरी येईल का मला?" मग आईनं एक वीट हातभर सरकवली.

पण त्यांच्याच दाराशी नगरपालिकेचा माणूस अडला. "तुमच्या परसाची भिंत किल्ल्याची आहे. तिच्याजवळ खणायचं तर जुन्या इमारतींच्या कचेरीतून परवानगी आणा. अर्ज करा, देतात."

अर्ज टाइप करायला जयसिंगराव मार्केटाजवळच्या टायपिस्टाकडं निघाले, तेव्हा मजकूर आधी घरात वाचून दाखवला. पहिलं अर्धं पान शहाजीराजांचं होतं.

"अहो, अर्ज संडासाचा आहे," सकवारबाई म्हणाल्या. "त्यात घराणं कशाला?"

"घराणं पाहून मान ठेवतात गं. नाहीतर आपण म्हणजे कोण? शिंपीकाम करणारे!"

"आणि संडास कुठं आलाय यात?"

"आहे ना, शेवटी आहे."

तीन महिन्यांनी पाहणीला एक तरुण अधिकारी आला. गुरुराज नाव, घरी मराठी बोलणारा, बोलता बोलता कन्नडात शिरणारा. बुटांचे बंद सोडूनच आत आला, त्यामुळे सकवारबाईंना तो आवडला. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, टेपनं मापं घेतली. जयसिंगरावांनी बोलायला सुरुवात केली आणि गुरुराज वहीत उतरून घेऊ लागला. त्याचे डोळे लकाकत होते. कागदांत वाचलेला काळ त्याच्यासमोर तोंडानं बोलत होता.

सकवारबाई कॉफीचे पेले घेऊन दारात उभ्या होत्या. आत स्वयंपाकघरात, चुलीच्या बरोबर वर, मंगळुरी कौलांच्या पोटावर छापलेलं साल होतं, १८९९. दर पावसाळ्याआधी त्याच ती कौलं सारख्या करायच्या. एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, स्वल्प आत येऊन वर बघा. पण परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं? आणि आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी पुढं स्वतःला कधी माफ केली नाही. पेला घेताना गुरुराज उठून उभा राहिला, म्हणाला, "तुम्ही कशाला अक्का, सरदारांच्या घरच्या तुम्ही." आणि त्या क्षणी सकवारबाईंना बरं वाटलं होतं. पाव तास त्या सरदारांची सून होत्या.

आठ महिन्यांनी पत्र आलं. इंग्रजीत. अहल्येनं वाचलं, मग मराठीत सांगितलं. सदर इमारत सन सोळाशे चाळीसच्या सुमाराची व किल्ल्याच्या भिंतीशी जोडलेली असल्यानं तिची नोंद जुन्या वास्तूंच्या यादीत केली आहे. यापुढं घरात व परसात खणणं, पाडणं, नवीन बांधणं, यांपैकी काहीही करता येणार नाही.

"काय साल म्हणालीस?" जयसिंगरावांनी विचारलं.

"सोळाशे चाळीस."

"सरकारनं लिहिलंय?"

"हो अण्णा. सरकारनं लिहिलंय."

त्यांनी पत्र तिच्या हातून घेतलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्या आकड्यांवर त्यांनी अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा. दुसऱ्या दिवशी पत्र काचेत बसवून आलं आणि दर्शनी भिंतीवर लागलं. लावताना खिळा ठोकायला ते कचरले. भिंतीला धक्का लावायचा नव्हता ना! शेवटी जुन्याच खिळ्याला टांगलं.

अहल्या खालून बघत होती. तिनं अगदी सहज विचारलं, "अण्णा, शहाजीराजांच्या काळात बायका पाणी प्यायच्या का हो?"

जयसिंगरावांना कळलं नाही. सकवारबाईंना कळलं. त्या आत जाऊन चुलीशी बसल्या आणि वर बघत राहिल्या.

एकोणसाठ साली बोळातले संडास पाडले. समोर विमलाबाई राहत होत्या, पोस्टातल्या नरसिंहरावांची बायको. त्यांनी आपणहून सांगितलं, "सकवारक्का, आमच्याकडं येत जा हो. शेजार कशाला असतो?" पहिले काही महिने दार उघडंच असायचं. मग ओढून घेतलेलं असायचं. मग आतून कडी लागू लागली, वाजवावी लागायची. उघडताना विमलाबाई बोलायच्या अजूनही गोडच, पण "आत्ता का?" हे त्यांच्या भुवयांत दिसायचं. सरदारांच्या घरची मायलेक हातात तांब्या घेऊन भर उजेडात गल्ली ओलांडायची. जयसिंगराव मार्केटाजवळच्या सार्वजनिक जागी जायचे. पुरुषाला काय, पायात चपला घातल्या की निघाला.

साठच्या उन्हाळ्यात अहल्या तापानं फणफणली. कंबरेत कळा. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला सूज आहे. मग पोरीकडं बघून विचारलं, "पाणी पीत नाहीस का?" अहल्येनं आईकडं बघितलं. सकवारबाईंनी मान खाली घातली.

पंधरवड्यानं ताप उतरला. दुसऱ्या दिवशी जयसिंगराव कामावर गेल्यावर सकवारबाई स्टुलावर चढल्या. चुलीवरचं एक कौल त्यांनी काढलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि बसमध्ये बसल्या. बेंगळुरात एवढी वर्षं काढून त्या एकट्या कचेरीत कधी गेल्या नव्हत्या. विचारत विचारत गुरुराजच्या टेबलापाशी पोचल्या.

"बसा अक्का. घरी सगळं बरं ना?"

त्यांनी कौल बाहेर काढून टेबलावर पालथं ठेवलं. काजळी फायलींवर सांडली. गुरुराजनं बोट ओलं करून आकडे पुसले आणि वाचले.

"कुठलं हे?"

"आमच्याच स्वयंपाकघराचं. सगळी अशीच आहेत. घर माझ्या आजेसासऱ्यांनी—"

"अक्का," त्यानं हात वर केला. आवाज खाली आणला. "पुढं बोलू नका. बोललात तर मला लिहावं लागेल."

"लिहा की! लिहायलाच आलेय मी. मग परवानगी मिळेल ना?"

गुरुराजनं चष्मा काढला. "कसं सांगू तुम्हाला. घर सोळाशे चाळीसचं असेल, तर ते जुनी वास्तू आहे, राहील. नुसतं हात लावता येणार नाही. पण अठराशे नव्व्याण्णवचं असेल, तर ते किल्ल्याच्या जागेवर केलेलं अतिक्रमण होतं. तुमच्याकडं जागेचा कागद आहे?"

"घरपट्टीच्या पावत्या आहेत."

"त्या चालत नाहीत. मग मला ते पाडायच्या यादीत घालावं लागेल."

पंखा गरगरत होता. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. सकवारबाईंनी पदरानं तोंड पुसलं, तोंडाला काजळी लागली.

"पोरगी आहे माझी," त्या म्हणाल्या. "तिचा पाय तुम्ही पाहिलात. चार फूट जागा मागतेय. घर नको मला मोठं."

"सरी अक्का, बरोबर आहे, कळतंय मला." तो खरोखर कळवळून म्हणाला, आणि तेच जास्त वाईट होतं. मग त्यानं कौल उचलून लुगड्याच्या तुकड्यात स्वतः गुंडाळलं. "कौलं काय, कुणीही कधीही बदलतं. हे मागाहून घातलेलं असेल. हो ना?"

सकवारबाई गुंडाळलेल्या कौलाकडं बघत राहिल्या.

"हो म्हणा अक्का."

"हो," त्या म्हणाल्या. "मागाहून घातलंय."

घरी आल्या तेव्हा छपराच्या भोकातून उन्हाची तिरीप नेमकी चुलीत पडली होती. त्यांनी आकड्यांवर ओला चुना फासला आणि कौल जागच्या जागी बसवलं. मग एकेक करून बाकीच्यांवरही फासला. अहल्या दारातून बघत होती.

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता जयसिंगरावांचा चेहरा उतरत गेला. शेवटी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कौल मागाहून घातलंय."

त्यांनी श्वास सोडला. तो सुटलेला श्वास सकवारबाईंनी ऐकला. पुढं त्या नवऱ्याला जेवायला वाढायच्या, फेट्याला कांजी करून द्यायच्या, पण त्यानंतर त्यांनी त्यांच्याशी भांडण असं कधी केलं नाही.

त्रेसष्ट सालच्या थंडीत गुरुराज एका कॉलेजची मुलं-मुली घेऊन घर दाखवायला आला. आदल्या दिवशी निरोप होता, त्यामुळं जयसिंगरावांनी सुट्टी घेतली, फेटा बांधला. मुलं परसात भिंतीशी दाटीनं उभी राहिली. जयसिंगराव रंगात आले. घोडे आले, राजे आले, जागा दिली गेली. एका मुलानं मधेच विचारलं, "घर तेव्हाचंच, हे नक्की कशावरून?"

जयसिंगराव अडखळले. गुरुराजनं दुसरीकडं बघितलं. तेव्हा सकवारबाई दारातून म्हणाल्या, "मी सून आहे इथली. सासूबाईंनी मला सांगितलंय. शहाजीराजांच्या वेळचंच." आवाज जरासुद्धा हलला नाही. मुलानं वहीत लिहून घेतलं.

अहल्या पाण्याचे पेले घेऊन मुलींमधून फिरत होती, एका हातानं ताट कंबरेला टेकवून. पाणी पिऊन झाल्यावर एक मुलगी सकवारबाईंच्या जवळ आली. सतरा-अठराची असेल, मैत्रिणी वीणा म्हणून हाक मारत होत्या तिला. लाजत तिनं कानाशी विचारलं, "अक्का, बाथरूम कुठं आहे?"

सकवारबाईंनी तिच्याकडं पाहिलं. परसात पेरूच्या झाडापलीकडं त्या चार विटा अजून तशाच होत्या, मातीत अर्ध्या बुडालेल्या. मुलं त्यांच्यावर पाय ठेवून उभी होती.

"चल, मी नेते," अहल्या म्हणाली. ताट खाली ठेवून तिनं कोनाड्यातला तांब्या घेतला, भरला, आणि त्या मुलीच्या हातात दिला. मुलगी गोंधळली. दोघी पुढच्या दारातून बाहेर पडल्या, भर दुपारी, गल्लीतल्या लोकांसमोरून. अहल्येचा पाय ओढल्याचा आवाज सकवारबाईंना आतपर्यंत येत होता. मग तो थांबला आणि विमलाबाईंच्या दाराची कडी वाजली.

परसात जयसिंगराव पुन्हा सुरू झाले होते. "तीनशे वर्षं या घराचा दगडसुद्धा हललेला नाही!"

कडी पुन्हा वाजली. कुणी उघडत नव्हतं.