पाठवणीच्या गाडीचा टायर

उभी गाडी दिसली की अंबाजोगाईचे जमीलमिस्त्री टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवतात. लोक हसतात. हसू द्या!

लेकीच्या, जिनतच्या पाठवणीलाही ते फुलांनी सजवलेल्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकले. हात बाहेर आला तो रक्ताळलेला. टायर झिजून आतल्या तारा उघड्या पडल्या होत्या.

"चाचा, टायर तर नवाच दिसतोय," ड्रायव्हर रामेश्वर म्हणाला.

"बाहेरूनच बघतो का बे? चाकांची अलाइनमेंट बिघडली, चाक तिरकं झालं की टायर आतून झिजतो. पुढं घाट हाय!"

मिस्त्रींनी चावीच काढून घेतली. वऱ्हाड खोळंबलं.

"उशीर होतोय, चावी द्या!" जिनतचे सासरे कडाडले.

मिस्त्री हलेनात.

तेवढ्यात जिनत गाडीतून उतरली, बांगड्या मागं सारल्या आणि डिकीतून जॅक काढला.